एल्डन रिंग कसा खेळावा, आणि त्याची गोष्ट कशी खणून काढावी

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम अर्धवट सोडलेल्या लोकांना मी आवर्जून कारण विचारतो. कुणी म्हणतं, फार अवघड आहे. कुणी म्हणतं, दिसायला सुंदर आहे, पण गोष्ट काय चाललीये ते कळतच नाही. माझ्या मते दोन्ही तक्रारींचं मूळ घाईत आहे. हा गेम थांबून, निरखून, मागे वळून पाहणाऱ्यासाठी बांधलेला आहे. तसा तो खेळला की अवघडपणा आवाक्यात येतो आणि गोष्टही हाती लागते. वडोदऱ्यातली आमची मित्रमंडळी दिवाळीच्या सुट्टीत एकमेकांकडे बसून तो खेळतात. त्यात नवीन येणाऱ्याला मी जे सांगतो तेच इथे नीट लिहून काढतो आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी हवी. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी स्टुडिओने केलेला हा गेम 25 फेब्रुवारी 2022 रोजी आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. या जगाचा प्राचीन इतिहास कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्याकडून लिहून घेतला गेला. खेळाडू पोचतो तो त्या इतिहासानंतर, सगळं मोडून पडल्यावर. मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलं आहे की लहानपणी ते इंग्रजी कल्पनारम्य पुस्तकं वाचायचे, त्यातला बराच भाग कळायचा नाही, आणि मधल्या जागा ते चित्रं बघून कल्पनेने भरायचे. त्यांच्या गेममध्ये गोष्ट तुकड्यातुकड्याने का मिळते, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. मधल्या जागा भरायचं काम ते आपल्यावर सोडतात.

यंत्राची तयारी

पीसीवर किमान 12 जीबी रॅम, जीटीएक्स 1060 सारखं 3 जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि 60 जीबी मोकळी जागा लागते. 16 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1070 असेल तर निवांत चालतो. गेम 60 फ्रेमच्या वर जात नाही, त्यामुळे फार महागड्या कार्डाचा इथे विशेष उपयोग नाही. पैसे घालायचेच तर एसएसडीवर घाला. या गेममध्ये मरण वारंवार येतं आणि दर वेळी लोडिंग होतं. जुन्या हार्ड डिस्कवर त्या वाट पाहण्यानेच माणूस वैतागतो. प्लेस्टेशन 4, प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सवरही तो आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. खालून हवा खेळती राहील असं बघा आणि ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. गेम सतत आपोआप सेव्ह करतो, वेगळं सेव्ह बटण नाही. म्हणून बंद करताना मेनूतूनच बाहेर पडा. घरी वीज जात असेल तर छोटा यूपीएस लावा, आणि अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये एल्डनरिंग नावाचा फोल्डर असतो त्याची अधूनमधून कॉपी काढून ठेवा. ऑनलाइन असाल तर इतर खेळाडूंनी जमिनीवर लिहिलेले संदेश दिसतात. काही उपयोगी असतात, काही मुद्दाम फसवे. "पुढे उडी मार" असं कड्यावर लिहिलं असेल तर मारू नका.

शेवटची गोष्ट पालकांसाठी. युरोपात याला 16 वर्षांपुढचं मानांकन आहे. रक्त, कापलेले अवयव, भेसूर शरीरं यात भरपूर आहेत. लहान मुलांच्या हाती देऊ नका.

कोण व्हायचं

सुरुवातीला दहा वर्ग समोर येतात. नवख्याने व्हॅगाबॉन्ड किंवा सामुराय घ्यावा. व्हॅगाबॉन्डकडे चिलखत आणि शारीरिक वार पूर्ण अडवणारी ढाल असते, म्हणजे शत्रूचे वार वाचायला शिकेपर्यंत संरक्षण मिळतं. सामुरायकडे रक्तस्राव घडवणारी तलवार आणि लांब पल्ल्याचं धनुष्य असतं. जादूची आवड असेल तर अ‍ॅस्ट्रॉलॉजर. लांबून मारता येतं, पण जवळ कुणी आलं की जीव फार नाजूक. रेच हा वर्ग लेव्हल 1 वर, हातात एक सोटा आणि अंगावर जवळपास काही नाही अशा अवस्थेत सुरू होतो. तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. वर्ग म्हणजे फक्त सुरुवात. पुढे कुठलाही वर्ग कुठलंही शस्त्र चालवू शकतो, आणि लिउर्निया या पुढच्या प्रदेशातल्या अकादमीतली मुख्य लढाई जिंकल्यावर लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन सगळे आकडे नव्याने वाटता येतात. त्यामुळे इथे अर्धा तास डोकं खाजवत बसायचं कारण नाही.

सोबत एक भेटवस्तू निवडायची असते. गोल्डन सीड घ्या. त्याने औषधाच्या कुपीचा एक घोट वाढतो, आणि पहिल्या दहा तासांत त्या एका घोटाची किंमत फार असते.

पहिले काही तास

पहिल्याच दालनात अनेक हातांचं एक धूड अंगावर येतं आणि बहुतेक वेळा मारून टाकतं. ते तसंच ठरलेलं आहे, मनाला लावून घेऊ नका. जाग येते ती गुहेत. तिथे एक भूत कड्याशी बसलेलं दिसेल. त्याच्या शेजारून खाली उडी मारा, तिथे शिकवणीची गुहा आहे. अनेक जण ती चुकवून पुढे जातात आणि मग ढालीने अडवून लगेच उलट वार कसा करायचा, हे महिनाभर कळत नाही.

बाहेर लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशाचं कुरण उघडतं. समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार गस्त घालत असतो. त्याला लांबून वळसा घाला, तो नंतरचा गडी आहे. जवळच्या पडक्या एलेह चर्चमध्ये काले नावाचा फिरता व्यापारी बसलेला असतो. त्याच्याकडून क्राफ्टिंग किट घ्या आणि तिथल्याच ऐरणीवर शस्त्र +3 पर्यंत वाढवता येतं हे ध्यानात ठेवा. पुढे रस्त्याने उत्तरेला गेटफ्रंटपर्यंत जा. मैदानातल्या विसाव्याच्या ठिकाणी, म्हणजे साइट ऑफ ग्रेसवर, थोडे थांबत गेलात की मेलिना भेटते. तिच्यामुळे लेव्हल वाढवता येते आणि टॉरेंट नावाचं जनावर बसायला मिळतं. टॉरेंट मिळाल्यावर पुन्हा एलेह चर्चला जा. रात्री तिथे भिंतीवर बसलेली रेना दिसेल. तिच्याकडून आत्म्यांना बोलावणारी घंटा आणि लांडग्यांची राख मिळते. त्या तीन लांडग्यांनी सुरुवातीच्या लढायांत मला जेवढी मदत केली तेवढी कुठल्याही तलवारीने केली नाही.

आता महत्त्वाचं. ग्रेसमधून निघणारा सोनेरी किरण तुम्हाला थेट स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे बोलावतो. तो मुख्य कथेची दिशा दाखवतो, तुमची तयारी झाली की नाही हे त्याला ठाऊक नसतं. किल्ल्याकडे जाण्याआधी दक्षिणेला, पुलापलीकडच्या वीपिंग पेनिन्सुलात जा. शत्रू सोपे आहेत आणि तिथल्या तीन चर्चांमध्ये तीन सेक्रेड टिअर मिळतात, त्याने औषधाचा प्रत्येक घोट जास्त जीव भरून काढतो. पूर्वेला लिमग्रेव्हमध्येच थर्ड चर्च ऑफ मरिका आहे, तिथे आणखी एक टिअर आणि दोन अर्कांचं मिश्रण करायची खास कुपी मिळते. नकाशा राखाडी दिसत असला तरी त्यावर छोट्या दगडी खांबाची खूण आधीच उमटलेली असते. त्या खांबाशी नकाशाचा तुकडा असतो. नव्या प्रदेशात गेलं की आधी तो उचलायचा.

एक सावधगिरी. लिमग्रेव्हच्या तळ्यालगतच्या जळक्या अवशेषांखाली एक पेटी आहे. ती उघडली की धुरातून तुम्ही थेट केलिड या बऱ्याच अवघड प्रदेशातल्या एका खाणीत जाऊन पडता, आणि खाणीतून बाहेर पडेपर्यंत नकाशावरून दुसरीकडे जाता येत नाही. घाबरून लढू नका. पळत पळत बाहेरची वाट शोधा, उघड्यावर आलात की नकाशा चालतो.

हात कसा बसवायचा

लढाईत नवख्याचा घात करणारी सवय म्हणजे शत्रूने शस्त्र उचललं की लगेच लोळण घेणं. इथले बॉस, म्हणजे मोठे शत्रू, शस्त्र उचलून हवेत धरून ठेवतात. तुम्ही आधी लोळलात की ते नेमके तेव्हा वार करतात. शस्त्र खाली येऊ लागेपर्यंत थांबायचं. शक्यतो मागे न जाता शत्रूच्या अंगाकडे, त्याच्या काखेखालून लोळायचं. एखाद्या नव्या बॉससमोर पहिल्या दोन-तीन खेपा नुसतं चुकवत राहा, वार करूच नका. कोणता वार किती लांब आहे आणि कशानंतर तो दमतो, हे पाहायचं. अशा खेपांमध्ये रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारं आणि लेव्हल वाढवायला लागणारं चलन, सोबत नेऊ नका. मेलात की ते तिथेच पडतात, आणि ते परत उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात.

वारांमध्ये तीन गोष्टी शिकून घ्या: उडी मारून जड वार, दाबून धरलेला जड वार आणि ढालीने अडवल्यावरचा उलट वार. या तिन्हींनी शत्रूचा तोल ढळतो, तो गुडघ्यावर येतो आणि तुम्हाला मोठा घाव घालता येतो. शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की तुमची ताकद दीडपट धरली जाते. पाठीवरचं वजन 70 टक्क्यांच्या आत ठेवा. त्याच्या वर गेलात की लोळण जड, संथ होते, आणि सगळ्यात देखणं चिलखतही मग उपयोगाचं राहत नाही.

लेव्हलचं गणित सांगताना मी जरा हट्टी होतो. व्हिगर, म्हणजे तुमचा जीव किती मोठा हे ठरवणारा आकडा, वाढवा. किल्ल्याआधी 20 च्या आसपास, राजधानी लेंडेलपर्यंत 40. नवे खेळाडू सगळे गुण ताकदीत घालतात आणि मग एका फटक्यात मरतात. तुमचा मार बहुतांशी शस्त्राच्या पातळीतून येतो, आणि ती स्मिदिंग स्टोनने वाढते. ते दगड खाणींत मिळतात, नकाशावर खाणीचं तोंड काळ्या वर्तुळासारखं दिसतं. साधी शस्त्रं +25 पर्यंत जातात, खास शस्त्रं +10 पर्यंत. पुढची वाढ गोलमेज दालन या सुरक्षित तळावरचा लोहार ह्यूग करून देतो.

किल्ल्याच्या दारातला मार्गिट ही पहिली खरी परीक्षा. त्याच्या काठीचे वार मुद्दाम लांबवलेले असतात आणि तुम्ही दूर जाऊन औषध प्यायला लागलात की तो सुरे फेकतो. म्हणून त्याच्या जवळ राहा आणि त्याचा मोठा वार जमिनीत गेल्यावरच प्या. मर्कवॉटर गुहेतल्या पॅचेसला जिवंत सोडलंत तर तो 5,000 रून्सना मार्गिटला जखडणारी बेडी विकतो, ती पहिल्या टप्प्यात दोनदा चालते. दाराबाहेर रोजिए नावाच्या जादूगाराची सोनेरी खूण असते, त्यालाही मदतीला घेता येतं. यात कमीपणा नाही. मदत गेमनेच ठेवलेली आहे.

वही काढा

इथून पुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे.

एल्डन रिंगमध्ये गोष्ट चार ठिकाणी असते: वस्तूंच्या वर्णनात, माणसांच्या बोलण्यात, इमारती-पुतळ्यांमध्ये, आणि कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे या जागेच्या निवडीत. बहुतेक लोक पहिल्यावर थांबतात. चौथी सगळ्यात जास्त बोलते.

माझी भाची महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व शिकते. एका रविवारी ती माझ्या शेजारी बसून बघत होती. मी एक ताईत उचलला आणि वर्णन वाचायला लागलो, तर म्हणाली, "मामा, आधी कुठे सापडला ते लिही ना. जागेशिवाय वस्तू आमच्याकडे कुणी हातात पण घेत नाही." तिने देवनी मोरीचं उदाहरण दिलं. शामळाजीजवळच्या त्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन 1960 च्या सुमारास इथल्याच विद्यापीठाने केलं. आज ती जागा मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथे सापडलेला अस्थिकरंडक वडोदऱ्यात आहे, आणि स्तूपात तो नेमका कुठे, कशासोबत होता याच्या नोंदी असल्यामुळे अभ्यासकांना त्यावर आजही बोलता येतं. तेव्हापासून माझ्या वहीतला पहिला रकाना जागेचा आहे.

रकाने असे करा. जागा. वस्तू किंवा माणूस. आजूबाजूला काय होतं: प्रेत कोणत्या दिशेला तोंड करून होतं, भिंतीवर काय कोरलं होतं, शत्रू कोण होते. मग वर्णनातली नावं. आणि शेवटी तुमचं म्हणणं, पण वेगळ्या शाईने. लिहिलेलं, दिसलेलं आणि मला वाटलेलं या तिन्हींची सरमिसळ झाली की महिन्याभराने स्वतःचाच अंदाज पुरावा वाटायला लागतो. स्टीमवर एफ 12, प्लेस्टेशन 5 वर क्रिएट बटण दाबून चित्र टिपा आणि लढाई संपल्यावर सावकाश वाचा. गेम मराठी-हिंदीत नाही आणि इंग्रजीही जुन्या वळणाची आहे, त्यामुळे चित्र समोर असणं फार सोयीचं पडतं.

डोळ्याला सराव हवा असेल तर रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात एक दुपार घालवा. भिंतीवर पुराणातले प्रसंग आहेत, कृष्णकथा आहेत, आणि त्यांच्यात इंग्रज-मराठ्यांची लढाईही रंगवलेली आहे. कोणता प्रसंग कुठे संपतो, कुणाला मोठं दाखवलंय, कोण कडेला ढकललंय, हे स्वतः लावून बघा. लेंडेलमधले पुतळे बघताना हेच डोळे कामाला येतात.

तीन तुकडे, कसे जोडायचे

पहिला तुकडा लिमग्रेव्हमध्ये पहिल्या तासातच दिसतो. कुरणात प्रचंड दगडी बांधकामाचे तुकडे तिरके रुतलेले आहेत. त्यांची घडण जवळच्या चर्चच्या भिंतींशी जुळत नाही. त्यांच्याभोवती रूइन फ्रॅगमेंट नावाचे छोटे दगड सापडतात. वर्णन सांगतं की हे आकाशातून पडलेल्या अवशेषांजवळ मिळतात आणि आकाशातल्या मंदिराचे ते भाग असावेत अशी समजूत आहे. वहीत एवढंच लिहा: कुठलीतरी इमारत वर होती, आता ती पडते आहे. किती काळापासून? वर अजून काही उरलंय का? गेमच्या खूप उत्तरार्धात या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पायांनी चालून बघाल, आणि तेव्हा पहिल्या दिवशीची नोंद हातात असण्याचा आनंद मी इथे सांगून बिघडवणार नाही.

दुसरा तुकडा स्टॉर्मव्हेलच्या तळाशी आहे. सुरुवातीच्या निवेदनातच सांगितलं जातं की काळ्या सुऱ्यांच्या रात्री गॉडविन हा पहिला मारला गेला. सगळे ते ऐकतात आणि विसरतात. किल्ल्यात तिथला सरदार गॉड्रिक याच्याकडे जाण्याची वाट सोडून अंगणाच्या कडेने खाली उतरत जा. उंदीर लागतील, मग सडक्या मुळांचा एक भयंकर प्राणी. त्याच्या पलीकडे अंधारात एक अवाढव्य चेहरा आहे. जवळच एक ताईत मिळतो, प्रिन्स ऑफ डेथ्स पुस्ट्यूल. त्याचं वर्णन वाचा, गॉडविनचं नाव दिसेल.

आता जागेचा प्रश्न विचारा. राजघराण्यातला मुलगा, त्याचा चेहरा गॉड्रिकच्या किल्ल्याखाली का? तिथेच एक रक्ताचा डाग आहे. त्याला हात लावला की कुणीतरी इथे आलं होतं आणि त्याचं काय झालं ते दिसतं. तो रोजिए. मार्गिटच्या लढाईत मदतीला आलेला तोच जादूगार. गॉड्रिक पडल्यावर रोजिए गोलमेज दालनात बसलेला सापडतो आणि जागेवरून उठत नाही. त्याच्याशी बोला, पुन्हा बोला. तिथे फिया नावाची बाई आहे, तिच्याशी बोला. समनवॉटर गावाजवळच्या रस्त्यावर डी नावाचा माणूस उभा असतो, तो मेलेल्यांची शिकार करतो. गावातल्या होडीवाल्या सांगाड्याला हरवलंत तर डेथरूट मिळतं, त्याचं वर्णन वाचा. मग भूमिगत थडग्यांमध्ये जा आणि भिंतीतून आलेल्या जाड मुळांकडे, त्यांना टेकून बसलेल्या प्रेतांकडे बघा. या जगात मेलेल्यांनी झाडाच्या मुळांकडे परत जायचं असतं. जे परत जाऊ शकत नाहीत त्यांचे सांगाडे पुन्हा पुन्हा उठतात. तळघरातला चेहरा, रोजिएचे पाय, होडीवाला आणि थडग्यातली मुळं, ही सगळी एकाच रात्रीची फळं आहेत. त्या रात्रीमागे कोण होतं, याचा माग लिउर्नियाच्या पूर्वेकडच्या ब्लॅक नाइफ कॅटकोम्ब्सपर्यंत जातो. तिथल्या खोट्या भिंतीवर वार करून बघायला विसरू नका.

तिसरा तुकडा छोटा आहे, पण मला तोच सगळ्यात खोल वाटतो. क्रुसिबल हे नाव असलेले काही ताईत वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. त्यांच्या वर्णनाचा आशय असा: माणसाच्या अंगावर शिंग, खवले, पंख येणं हे प्राचीन काळी दैवी लक्षण मानलं जाई, पुढे संस्कृती 'प्रगत' झाली तशी त्याचीच घृणा होऊ लागली. हे वाचल्यावर मार्गिटच्या डोक्याकडे पुन्हा बघा. ओमेन, म्हणजे शिंगं घेऊन जन्मलेल्या आणि शापित मानल्या जाणाऱ्या बाळांची शिंगं कापतात, बहुतेक त्यात मरतात, हे दुसऱ्या एका वस्तूत लिहिलेलं आहे. म्हणजे वर्णनं लिहिणारा आवाज तटस्थ नाही. तो बहुधा सत्तेवर असलेल्या गोल्डन ऑर्डरचा आहे, आणि 'अपवित्र', 'शापित' हे शब्द त्यांचे आहेत. कुठल्याही वर्णनात असा शब्द आला की वहीत बाजूला लिहा: कोण म्हणतंय? एल्डन रिंगचा लोर, म्हणजे त्या जगामागची गोष्ट, समजण्यासाठी एकच सवय लावायची झाली तर मी ही सांगेन.

माणसं

एखाद्या पात्राशी बोलताना तेच वाक्य पुन्हा ऐकू येईपर्यंत बोलत राहा. पहिल्या वाक्यावर निघून गेलात तर अर्धी माहिती तिथेच राहते. मिस्टवुडच्या रानात लांडग्याची आरोळी ऐकू येते. ती ऐकून एलेह चर्चला जाऊन कालेला विचारलंत तर तो चुटकी वाजवायची खूण शिकवतो. त्या खुणेने कोण खाली येतं ते स्वतः बघा. लिमग्रेव्हमध्ये कुठूनतरी मदतीची हाक ऐकू येते आणि माणूस दिसत नाही. आसपासच्या झुडपांवर एकदा लोळून बघा. हेडफोन लावून खेळायचं ते यासाठीच.

पात्रं जागा बदलतात. मार्च 2022 च्या अपडेटनंतर भेटलेल्या पात्रांची नावं नकाशावर नोंदली जाऊ लागली, तरी कुणाला काय वचन दिलं ते वहीतच ठेवा. मोठा बॉस हरवला की गोलमेज दालनात एक फेरी मारायची, प्रत्येकाशी पुन्हा बोलायचं. काही माणसं तेवढ्यात निघून गेलेली असतात आणि त्यांच्या जागी नुसता पोशाख पडलेला असतो. तो उचला, वाचा.

विकी आणि लोरचे व्हिडिओ याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाट अडली, एखादी वस्तू सापडतच नाही, तर विकी खुशाल उघडा. पण अर्थ सांगणारे व्हिडिओ लेंडेलपर्यंत पोचेस्तोवर बघू नका. राजधानीतल्या एका पुतळ्यासमोर या गेमचा सगळ्यात मोठा उलगडा होतो आणि तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे फार मोठं नुकसान. मित्रांसोबत खेळत असाल तर वह्या आपापल्या ठेवा, आणि एक प्रदेश सगळ्यांचा संपल्यावरच ताडून बघा. आमच्याकडे गॉडविनवरून जी वादावादी झाली तिची मजा कुठल्याही व्हिडिओत मिळाली नसती.

पुढचा प्रवास

शॅडो ऑफ द एर्डट्री हा विस्तार 21 जून 2024 रोजी आला. तिथे जायला राडान आणि मोग या दोन बॉसना हरवावं लागतं, आणि मोगपर्यंतची वाट बरीच आडबाजूला आहे. अगदी सुरुवातीला भेटणारा पांढऱ्या मुखवट्याचा व्हारे त्या वाटेचं एक टोक आहे, म्हणून त्याला मारू नका. विस्तारात गेल्यावर लेव्हलपेक्षा स्कॅडूट्री फ्रॅगमेंट जास्त महत्त्वाचे. त्यांनी मार आणि बचाव दोन्ही वाढतात, पण फक्त त्याच भूमीत. तिथल्या पहिल्या मोठ्या बॉसने लोळवलं तर हट्ट न धरता फिरा, ते तुकडे गोळा करा.

मुख्य गेमचा शेवट झाला की नवा प्रवास सुरू करायचा का, असं विचारलं जातं. लगेच हो म्हणू नका. हो म्हटलंत की जग पहिल्यापासून सुरू होतं आणि अर्धवट राहिलेल्या सगळ्या माणसांच्या गोष्टी तुटतात. आधी विस्तार संपवा, वहीतले उघडे प्रश्न घेऊन जुन्या जागांवर चक्कर मारा. मग नवं पात्र घ्या, या वेळी रेच चालेल, आणि वहीतला एकच प्रश्न निवडा: शिंगांचा, मुळांचा किंवा आकाशातून पडलेल्या दगडांचा. पूर्ण खेप फक्त त्या एका प्रश्नामागे चालायचं आणि वाटेत त्याच्याशी संबंध नसलेलं काही दिसलं तर ते पुढच्या पानावर टिपून ठेवायचं.